निरोध ठाऊक होता, म्हणायची सोय नव्हती

कृष्णाकाठ

भाचीच्या कॉलेजात १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, पथनाट्य आहे. काल संध्याकाळी तिनं संहिता वाचून दाखवली. एक पोरगा यमराज होतो, दुसरा विषाणू होतो, आणि शेवटी सगळे मिळून ओरडतात, "माहिती हाच बचाव!" मी म्हटलं, झकास. आणि रात्री एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडले.

अकरा वर्षं मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होतं ती, आयसीटीसी म्हणतात ती खोली. आमची म्हणजे जुनी स्टोअररूम. खिडकी नाही, दाराला पडदा, टेबलावर लाकडी मॉडेल आणि निरोधचं खोकं. माहिती नव्हती म्हणून आजार झाला अशी बाई त्या खोलीत मला फार थोड्या वेळा भेटली.

एक सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. बाविशीची पोरगी, दुसरं बाळंतपण, पाचवा महिना. नवरा ट्रकवर. गरोदरपणाच्या तपासणीत रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी नेहमीचं सगळं बोलले आणि ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलंच होतं. ह्यांचं अंग झिजायला लागलं तेव्हाच कळलं." मग निरोध का नाही वापरलात, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा नसतो. मी नवी होते. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलंय की गावाहून विमानानं का नाही आलात.

"म्हणू कशी ताई? म्हटलं की पहिला सवाल, तुला हे शिकवलं कुणी?"

दुसरी एक होती. लाकडी मॉडेलवर सगळं नीट करून दाखवलं तिनं, माझ्यापेक्षा सफाईनं. पाकीट घेतलं, रेशनकार्डाच्या पिशवीत कार्डाच्या आत सारलं, पडद्यापर्यंत गेली आणि परत येऊन टेबलावर ठेवलं. "नको. घरात सापडलं तर मीच वाईट ठरीन." पडदा बराच वेळ हलत होता, एवढं आठवतंय.

हे काही माझ्या तालुक्यापुरतं नाही. ज्यांना आपण कोविडच्या काळात रोज टीव्हीवर बघायचो त्या डॉ. रमण गंगाखेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास छापला. त्यातल्या ज्या धंदा करत नव्हत्या, म्हणजे साध्या संसारी बायका, त्यांच्यात शेकडा १३.६ जणींना लागण होती. बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध आलेला नव्हता. तोवर सगळ्या देशाचं बोट वेश्यांकडे होतं. ह्या बायकांचा धोका एकच होता, लग्न.

आता उलटी बाजू. त्याच काळात, १९९२ पासून, सांगलीच्या गोकुळनगरात, म्हणजे वेश्यावस्तीत, संग्राम संस्था काम करत होती. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून ताया नेमण्याऐवजी धंदा करणाऱ्या बायकांनाच निरोध वाटायला आणि एकमेकींना सांगायला उभं केलं. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद निघाली, सगळे व्हॅम्प म्हणतात ती. मी तिथं प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी तीनची वेळ, बायका तांदूळ निवडत बसलेल्या. एकीला मी माझा पाठ केलेला प्रश्न विचारला, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर? ती तांदळातला खडा काढत म्हणाली, "जाऊ दे की. शेजारीण पण घेणार नाही त्याला. मग फिरून येतंय."

शेजारीण पण घेणार नाही. मला वाटतं अख्खा विषय ह्या चार शब्दांत आहे. त्या बाईला माझ्या खोलीतल्या बाईपेक्षा एक अक्षरही जास्त माहीत नव्हतं. पण तिच्यामागे गल्ली होती. माझ्या खोलीतल्या बाईमागे सासू होती.

आणि हे सरळसोट वाटायला लागलं म्हणून गोकुळनगरातल्या त्या बाईनंच मला पुढचं सांगितलं. गिऱ्हाइकाला निरोध चालतो, मालकाला चालत नाही. मालक म्हणजे तिकडच्या बोलीत कायमचा माणूस, प्रेमाचा. त्याला निरोध लाव म्हटलं की तो म्हणणार, मी काय गिऱ्हाईक आहे का? माझ्याकडच्या संसारी बायकाही नवऱ्याला मालकच म्हणायच्या. शब्दही एक आणि अडचणही एक.

भाचीला काय सांगू? पथनाट्यातला कुठला प्रवेश बदलायला हवा?

शंकेखोर

कृष्णाताई, लेखन आवडलं, पण थोडं खुपलं ते लिहितो. तुमचा सगळा रोख बायकांच्या सक्षमीकरणाकडे दिसतो, आणि सक्षमीकरण हा शब्द गेली तीस वर्षं प्रत्येक रोगावर लावायचं मलम झालाय. एचआयव्ही कमी झाला तो औषधांनी आणि निरोधनं. बचत गटात पापड लाटून विषाणू मरत नाही. शिवाय बाई नाही म्हणू शकत नाही हे दुखणं असेल तर औषध पुरुषाला द्या ना. बाईवर आणखी एक जबाबदारी कशाला? आधी पाणी भरा, मग मुलं वाढवा, आता विषाणूही तुम्हीच थोपवा.

बालाघाटी

धागा वाचतेय. सावकाश लिहीन. पापडाचं मात्र एकदम बरोबर.

कृष्णाकाठ

शंकेखोर, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मला पूर्वी सुचला असता तर बरं झालं असतं. आमची सगळी पोस्टर्स बाईकडे बघून बोलायची. पुरुष त्या खोलीत यायचा तो टीबी झाल्यावर.

औषधांचंही खरं. १ एप्रिल २००४ पासून देशात एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, मोफत सुरू झाली, तेव्हा आमच्याकडून लोकांना मुंबई-पुण्याला पाठवायला लागायचं. पुढे २०११ साली तो मोठा अभ्यास आला, एकाला लागण आणि जोडीदाराला नाही अशा जोडप्यांचा. पुण्याची भोसरीची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्यात होती. लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी. आता तर रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शारीरिक संबंधातून लागण होतच नाही, हे पक्कं झालंय.

पण गोळी तोंडात जायला आधी घरातून निघावं लागतं. माझ्या लाइन लिस्टवर नवरा-बायको दोघं असायचे, तेव्हा गोळ्या न्यायला येणारा बहुतेक वेळा तो. "तिचं नंतर बघू, गाडीभाडं दोघांचं परवडत नाही." तो गेल्यावर ती यायला लागायची आणि तेव्हा तिच्या सीडी-फोरचा, म्हणजे प्रतिकारशक्तीचा, आकडा बघून मला पाणी प्यावं लागायचं. औषध पोचलं की नाही, हा पुन्हा पैसा कुणाच्या हातात आहे ह्याचाच प्रश्न निघाला.

जोबर्गकर

गेली सतरा वर्षं जोहान्सबर्गला आहे, कामानिमित्त खाणींच्या भागात जाणं होतं. इकडे हा वाद फार आधी झडलाय आणि तो नुसत्या मतांवर झडला नाही, प्रयोग करून झडला, म्हणून लिहितो.

लिम्पोपो प्रांतात, प्लॅटिनमच्या खाणींजवळच्या खेड्यांत, २००१ पासून एक प्रयोग झाला. गरीब बायकांचे गट करून छोटी कर्जं दिली. आपला बचत गटच म्हणा, फक्त ह्याला जोडून दर बैठकीत नवरा, मारहाण, लैंगिक संबंध, एचआयव्ही यांवर बोलायचं. कर्जाचा हप्ता भरायला आलेली बाई उठून जाऊ शकत नाही, ही त्यातली गोम. २००६ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. जोडीदाराकडून होणारी हिंसा ५५ टक्क्यांनी कमी झाली.

शंकेखोरांना आवडेल असंही सांगतो. गावातल्या तरुणांमधल्या नव्या एचआयव्ही लागणीवर त्या प्रयोगाचा काहीही परिणाम दिसला नाही. गटातल्या तरुण बायका मात्र तपासणीला जास्त जायला लागल्या आणि नवऱ्याव्यतिरिक्तच्या जोडीदाराबरोबर निरोध जास्त वापरायला लागल्या. नवऱ्याव्यतिरिक्तच्या! कृष्णाताईंचा मालक इथेही आहे.

दुसरा प्रयोग मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यातला. शाळकरी वयाच्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रोख रक्कम. दीड वर्षानं शाळेत असलेल्या मुलींची तपासणी केली तेव्हा पैसे मिळालेल्यांत लागण १.२ टक्के, न मिळालेल्यांत ३ टक्के. मोठ्या वयाचे पुरुष मागे पडले होते. आमच्याकडे त्या पुरुषांना 'ब्लेसर' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद देणारा. मोबाइलचा रिचार्ज, केसांचे पैसे, टॅक्सीभाडं. पोरीच्या पाकिटात स्वतःचे पैसे आले की आशीर्वादाची गरज कमी होते.

शंकेखोर

> काहीही परिणाम दिसला नाही

धन्यवाद. मी एवढंच म्हणत होतो.

जोबर्गकर

घाई नको हो. बोट्सवानानं १९९६ साली शाळेची रचना बदलली आणि त्यामुळे मुलं एक वर्ष जास्त शाळेत राहायला लागली. पुढे हिशेब मांडला तर माध्यमिक शाळेतलं प्रत्येक जादा वर्ष लागणीचा धोका ८ टक्के बिंदूंनी खाली आणत होतं. मुलींमध्ये परिणाम विशेष मोठा होता. त्या वर्षात त्यांना एचआयव्हीचा धडा जास्त शिकवला असंही नाही. पण हेही सांगतो, दक्षिण आफ्रिकेत शाळेत जायचे पैसे देऊन पाहिले तेव्हा पैशांचा परिणाम दिसला नाही. तिथल्या बहुतेक मुली तशाही शाळेत जातच होत्या. ज्या शाळेत टिकल्या त्यांना मात्र धोका कमी होता. म्हणजे खिशात दमडी टाकली आणि काम झालं, असं नाही. कुठल्या मुलीला कुठे अडलंय ते बघावं लागतं.

बालाघाटी

मी बीड जिल्ह्यातली आशा सेविका. आमच्याकडं कुठं अडलंय ते सांगते.

दसरा झाला की वस्ती रिकामी. ऊसतोडीला जोडीनं जावं लागतंय, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून घेतलेली असती, ती जोडीवर. एकट्या माणसाला उचल कमी. म्हणून पोराचं लग्न लवकर, आन पोरीचं त्याहून लवकर, कारण तिला घरी एकटी ठिवायची कुणाच्या भरवशावर? चौदा-पंधराची पोरगी कोप्यावर, म्हंजी फडाजवळच्या झोपडीत, जाती. तिकडं पाच-सहा महिने दवाखाना नाही, तारीख कळत नाही, माहेर नाही, मैतरीण नाही. टोळीत नाही म्हणायला तिच्यामागं कोण हाय?

मी परतल्यावर तपासणीला नेते सगळ्यांना. मागल्या साली एक पोर म्हणाली, मावशी, निरोध राहू दे, मला पाळी पुढं ढकलायची गोळी द्या, पाळीत खाडा झाला की पैसे कापत्यात. बघा कुठून सुरुवात करायची ते. एचआयव्ही तिच्या यादीत नवव्या नंबरला असंल.

शंकेखोर दादा, पापड लाटून विषाणू मरत नाही, खरंय. पण आमच्या गटातल्या दोघींनी गटाचं कर्ज काढून शेळ्या घेतल्या आन औंदा पोरींना तोडीला न्यायचं थांबवलं. त्या आठवीत बसल्यात. त्याचं मोजमाप तुम्ही कसं करायचं ते करा.

शंकेखोर

बालाघाटीताई, हे मला माहीत नव्हतं. पाळीचं तर अजिबातच नाही.

पांथस्थ_६२

सगळं ठीक, पण वेश्यांच्या संघटनांचं हे कौतुक कशाला? त्यांना त्या नरकातून बाहेर काढायचं की निरोध वाटून तो धंदा पक्का करायचा? अमेरिकेसारखा देशसुद्धा अशा संस्थांना पैसे द्यायला नाखूश होता असं वाचलंय.

कृष्णाकाठ

अर्धंच वाचलंय तुम्ही. २००३ च्या कायद्यानं अमेरिकेनं अट घातली की एचआयव्हीसाठी पैसे हवेत तर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या. २००५ मध्ये संग्रामनं ते लिहून दिलं नाही आणि पैसे सोडले. सांगलीतल्या एका संस्थेनं! कारण साधं होतं. ज्या बायकांच्या जोरावर काम चाललंय त्यांच्याच विरोधात सही करून त्यांच्या गल्लीत कोणत्या तोंडानं जायचं?

बाहेर काढायचं म्हणता. छापे मी जवळून पाहिलेत. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी बायका पांगतात, खोल्या बदलतात, कुणी गोळ्या सोडते. निरोध जवळ सापडला की तोच पुरावा, म्हणून त्या निरोध जवळ ठेवायच्या बंद होतात. फसवून आणलेल्या, अल्पवयीन पोरी ओळखून मोकळ्या करायच्या तर तेही गल्लीतल्या बायकांनाच आधी कळतं. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच पोलिसांना बजावलंय, ह्या बायकांना सन्मानानं वागवा, आधार कार्ड द्या.

रेवती_वकील

कोलकात्याचंही घ्या. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना सोनागाछीच्या वेश्यावस्तीत गेले ते आजाराची पाहणी करायला. तीन वर्षांत तिथे दुर्बार ही बायकांची संघटना आणि उषा ही त्यांची स्वतःची सहकारी पतसंस्था उभी राहिली. नोंदणीच्या वेळी सहकार कायद्यातली चारित्र्याची अट आडवी आली. खोटा व्यवसाय लिहून वाट काढायला बायका तयार नव्हत्या. शेवटी सरकारला नमावं लागलं. सावकाराचं व्याज डोक्यावर असलेली बाई जादा पैसे देणाऱ्या, निरोध न लावणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही, हे तिथे ओळखलं होतं. आपल्या सहकाराच्या महाराष्ट्रात कारखाने झाले, दूध संघ झाले, असली पतपेढी कोणाला सुचली नाही. (चेअरमन कोण, यावरूनच मोडली असती म्हणा.)

आता माझ्या कामाचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातली एक तरतूद कुणी सांगत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक काही परिस्थितीत रुग्णाच्या जोडीदाराला लागणीबद्दल सांगू शकतात. पण सांगितल्यानं मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी वाजवी भीती असेल, विशेषतः बाई असेल, तर सांगायचं नाही. कायदा करणाऱ्यांना घर काय असतं ते माहीत होतं, असं हे कलम वाचून वाटतं. त्याच कायद्यात राहत्या घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसेचा कायदा आहेच.

पण माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आधी कलमं सांगत नाही. विचारते, घर कोणाच्या नावावर आहे? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पाचशे बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००५ मध्ये छापून आला. जमीन नाही घर नाही अशा बायकांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्या बायकांत हा आकडा ७ टक्के. तो अभ्यास एचआयव्हीचा नाही, पण हात उगारायच्या आधी नवरा सातबारा आठवतो, एवढं त्यावरून कळतं.

संपादक मंडळ

वरचे दोन प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे काढले आहेत. विषयाला धरून लिहावे.

सुपारीबाग

थोडं अवांतर. १९८६ साली भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो चेन्नईत, तेव्हाचं मद्रास. शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिनं वेश्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. पुढे सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावानं संस्था काढली, आणि लागण झालेल्यांची लग्नं जुळवायलाही लागल्या. आयुष्य संपलं असं मानलं गेलेल्या बायकांना त्या स्थळं दाखवत होत्या. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही याचं वाईट वाटतं.

बोरीबाभळी

हा आयडी फक्त ह्या धाग्यासाठी काढलाय.

मी पॉझिटिव्ह आहे. चौदा वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, मुलगी तीनची. तिची टेस्ट निगेटिव्ह आली तो दिवस माझा खरा वाढदिवस. सासरी मला भांडी वेगळी दिली. मग खोली वेगळी. मग म्हणाले, तुझ्यामुळेच तो गेला. माझ्या आधी दोन वर्षं तो गोळ्या घेत होता हे सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून ठेवायचा. मी साफसफाई करताना ती बाटली किती वेळा पुसलीय.

तुम्ही सगळे सक्षमीकरण म्हणताय. मला कुणी सक्षम केलं नाही. मला रेशनकार्ड वेगळं मिळालं. त्यासाठी सात महिने तहसीलच्या पायऱ्या चढले. सासऱ्याची सही हवी म्हणाले. शेवटी आमच्या पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कमधल्या दोघी माझ्याबरोबर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या, रोज. चौथ्या दिवशी काम झालं. कृष्णाताई, तुमच्या त्या शेजारणी म्हणजे ह्याच.

वेगळ्या कार्डावर संजय गांधी निराधारचा अर्ज झाला. त्यात आजाराचा कागद जोडायचा असतो. तो कागद खिडकीतल्या माणसानं मोठ्यानं वाचला, मागे रांग होती. तेव्हा मेले असं वाटलं. दुसऱ्या महिन्यात पैसे जमा झाले तेव्हा पासबुकात माझं नाव छापलेलं बघितलं आणि तो माणूस विसरले. खरं तर विसरले नाही. पण पैसे आले.

दोन वर्षांपूर्वी मला मागणी आली. तोही पॉझिटिव्ह, बरा माणूस आहे. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. तुझा रिपोर्ट मी माझ्या डोळ्यांनी बघणार. तुझ्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या एकाच फळीवर, लेबलासकट. आणि माझं रेशनकार्ड तुझ्या कार्डात घालणार नाही. तिसरीवर तो आठ दिवस गप्प होता. मग हो म्हणाला.

बालाघाटी

बाई, हात जोडते तुला.

शंकेखोर

बोरीबाभळी, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. मी ह्या धाग्यावर वाद घालायला आलो होतो. आता एक प्रामाणिक प्रश्न आहे, कुणालाही. नवऱ्याला न सांगता, न विचारता बाई स्वतः वापरू शकेल असं काही आहे का? घर नावावर व्हायला पिढी जाईल.

जोबर्गकर

आहे, आणि ह्या आघाडीवर गेल्या काही वर्षांतली बातमी चांगली आहे. महिनाभर योनीत राहणारी, दॅपिविरिन ह्या औषधाची रिंग आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तिची शिफारस केली. धोका कमी करते, पूर्ण नाही. त्याआधी २०१० मध्ये इथेच, क्वाझुलू-नाटालमध्ये, टेनोफोविर ह्या औषधाच्या जेलनं ३९ टक्के संरक्षण दाखवलं होतं. पुढच्या चाचण्यांत ते टिकलं नाही, कारण बायकांना ते रोज वापरणं, लपवणं जमेना.

पण खरी बातमी लेनाकापाविर ह्या लागण टाळणाऱ्या औषधाची. सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात सोळा ते पंचवीस वयाच्या मुलींवर चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला. इंजेक्शन घेतलेल्या २१३४ जणींपैकी लागण झालेल्या शून्य. आकडा वाचून आमच्या ऑफिसातली एक झुलू बाई रडली होती, तिच्या घरातून तीन जणी गेल्यात. स्वस्त प्रती बनवायचा परवाना सहा कंपन्यांना मिळाला, त्यात पुण्याची एमक्युअर आहे.

गोळी पर्समध्ये सापडते, निरोध पिशवीत सापडतो. सुई टोचून घेतली की घरात न्यायला काही उरत नाही. इथल्या मुली हेच पहिलं बोलतात.

रेवती_वकील

इंजेक्शनला जायला गाडीभाडं लागतंच. वर्षातून दोनदा.

कृष्णाकाठ

आणि कुठे चाललीस, ह्याचं उत्तर लागतं. पण दोनदा खोटं बोलणं रोजच्यापेक्षा सोपं, हेही खरं. बोरीबाभळी, तुमची ती तिसरी अट मी भाचीला वाचून दाखवली, तुमची हरकत नसेल असं धरून. हरकत असेल तर सांगा, काढून टाकायला सांगते. कुणाला स्वतःसाठी किंवा ओळखीच्या बाईसाठी विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

बोरीबाभळी

हरकत नाही. फक्त रेशनकार्डाचा रंग सांगू नका, आमच्याकडे सगळे ओळखतील. (गंमत केली.)

कृष्णाकाठ

नवी खबर. भाचीनं यमराज काढला. त्याच्या जागी एकच प्रवेश आहे. नवरा-बायको, रात्र, ती पाकीट पुढे करते आणि तो विचारतो, तुला हे शिकवलं कुणी? इथे नाटक थांबतं आणि बघणाऱ्या पोरींपैकी कुणीही येऊन बायकोच्या जागी उभी राहून उत्तर द्यायचं. काल तालीम झाली. बायकोच्या जागी उभ्या राहायला अकरा मुली तयार आहेत. नवरा व्हायला वर्गातला एकही पोरगा तयार नाही. विषाणू व्हायला तिघं भांडत होते.